सोवळ्यातली मालिका

आल्हादकडे जाऊन कुणी म्हणालं, "बाबा रे, एखादी बरी जपानी कार्टून मालिका, ती अ‍ॅनिमे का काय, सांग ना बघायला," की तो आधी त्या माणसाकडे असा बघायचा, जणू तो देवघरात चपला घालून शिरलाय. मग विचारायचा, "आत्तापर्यंत काय काय पाहिलंयस?" समोरचा भोळेपणानं दोन-चार नावं सांगायचा. सगळ्या जगानं पाहिलेली, पोराटोरांच्या दप्तरांवर छापलेली. आल्हादच्या भुवया वर वर चढत जायच्या आणि शेवटी तो म्हणायचा, "अच्छा." त्या एका 'अच्छा'त समोरच्याची, त्याच्या शाळेची आणि आईबापांनी केलेल्या संस्कारांची अशी काही किंमत व्हायची, की तो बिचारा घरी जाऊन गुमान क्रिकेट लावायचा.

हा आल्हाद पंचवटीतला. वडील वेणीमाधव गुरुजी, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे. पोरानं भिक्षुकी साफ नाकारली, बापाशी भांडून कॉम्प्युटर शिकला आणि सातपूरकडच्या एका कंपनीत चिकटला. सोवळं-ओवळं म्हणजे निव्वळ थोतांड, असं घरात मोठमोठ्यानं सांगायचा. पण गंमत बघा, भिक्षुकी घरी ठेवली तरी सोवळं मात्र पठ्ठ्यानं बरोबर नेलं. गुरुजी सोवळं नेसले की त्यांना कुणी शिवायचं नाही. तसंच आल्हादच्या मालिकांना कुणी शिवायचं नाही.

त्याचा एक कंपू होता, 'अनवट' नावाचा. दर रविवारी सकाळी ही मंडळी गंगापूर रोडच्या पुढं, मळ्यातल्या एका मिसळीच्या ठिकाणी जमायची आणि झणझणीत रश्श्यानं गळणारी नाकं पुसत कुणालाच माहीत नसलेल्या मालिकांवर बोलायची. कंपूचे नियम आल्हादनं घातलेले. मालिका बाहेरच्या चार लोकांनी पाहिली की ती उष्टी. हिंदीत डब झाली की ओवळी. आणि तिच्यातल्या एखाद्या पात्राचं चित्र टी-शर्टवर आलं, तर ती मेलीच म्हणायची. एकदा त्यानंच शोधून काढलेल्या मालिकेतली मांजर मेन रोडवर हातगाडीवरच्या बनियनवर दिसली, तर हा गृहस्थ पुढच्या रविवारी मिसळीला आला नाही. सुतक पाळत होता, दुसरं काय!

त्याच्या शिफारशी म्हणजे एकेक नमुना. एक मालिका होती, त्यात एक डोंगर हळूहळू झिजतो. बारा भाग नुसता झिजतो. दुसरीत एक स्टेशनमास्तर आणि त्याचा कोंबडा, आणि पहिले चार भाग दोघांपैकी कुणीही बोलत नाही. "पाचव्या भागात कोंबडा आरवतो," आल्हाद डोळे अर्धे मिटून सांगायचा, "आणि मग तुम्हाला कळतं, की आपण इतका वेळ कशाची वाट पाहत होतो." बँकेत काम करणारी संपदा यावर "काय लेयर्स आहेत रे!" म्हणून पाव बुडवायचा विसरायची. ती स्वतः पहिल्याच भागात झोपलेली असायची, पण झोप येणं हाही त्या मालिकेचा परिणाम आहे असं तिला आल्हादनंच पटवून दिलं होतं.

आता आतली गोष्ट सांगायची तर आल्हादलाही शेवटपर्यंत बसवायचं नाही. पहिले दोन भाग बघायचे, उरलेलं कुठल्याशा परदेशी मंडळींच्या चर्चेतून वाचायचं आणि रविवारी येऊन खाली मान घालून, जड आवाजात सांगायचं. कोंबडा आरवतो हे त्यानं ऐकलं नव्हतं, वाचलं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. कंपूत कुणीच शेवटपर्यंत बघत नसल्यामुळं कुणाची मूठ उघडायचा प्रश्नच आला नव्हता.

प्रश्न आला तो गेल्या वर्षीच्या मेळाव्यात. कंपूचा वर्षातून एकदा मेळावा भरायचा, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात. बाहेरचेही शंभरेक लोक यायचे. त्यात ज्याची मालिका निवडली जाईल त्याला 'मानाची मालिका' दाखवायचा मान, आणि शेवटी शाल-श्रीफळ. पद्धत अशी की, दिवे मालवायच्या आधी सभागृहाला विचारायचं, "ही मालिका कुणी पाहिलीय?" एक जरी हात वर झाला, तरी मालिका उष्टी. शिफारस करणाऱ्यानं निमूट खाली बसायचं आणि पुढच्यानं उभं राहायचं. असली अट दुसऱ्या कुठल्या गावात ऐकलीय कुणी? चांगली गोष्ट आधी कुणीतरी चाखलेली असते म्हणून तर ती चांगली आहे हे कळतं. पण हे कंपूला कोण सांगणार?

तर गेल्या वर्षी आल्हाद उभा राहिला, गंभीर चेहऱ्यानं मालिकेचं नाव घेतलं, आणि मागच्या रांगेतून एक हात वर झाला.

"मी पाहिलीय. लय भारी आहे!" हात उज्वलाचा. निफाडची, द्राक्षवाल्यांच्या घरातली. इथं द्वारका चौकाजवळ तिचा दातांचा दवाखाना. कुणाबरोबर तरी सहज म्हणून आली होती. नियम-बियम तिला ठाऊक नव्हते. "मी दवाखान्यात बाहेर लावून ठेवते. पेशंट आत यायला तयार होत नाहीत, म्हणतात एवढा भाग संपू द्या."

सभागृह हसलं. आल्हादची मालिका उष्टी झाली. मान गेला कंपूतल्याच रोहितकडे, जो गेली कित्येक वर्षं आल्हादला पाण्यात पाहत होता. आणि ज्या बाईमुळं नाक कापलं गेलं, तीच नंतर जिन्यात आल्हादला गाठून म्हणाली, "शेवटचा भाग काय जबरदस्त आहे ना हो? ती होडीवाली म्हातारी परत फिरते तेव्हा? मी तर ओक्साबोक्शी रडले."

आल्हादनं दुसऱ्या भागापुढं काही पाहिलं नव्हतं. त्याला होडीवाली म्हातारी आहे हेही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "हं. तो भाग थोडा उघड आहे, पण ठीक." ती हसली. "उघड कसला! रडायला आलं म्हणजे आलं." आणि तिथंच, त्या पान खाऊन रंगवलेल्या जिन्यात, आमचा सोवळेकरी पाघळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादी मालिका पूर्ण बघावीशी वाटली. घरी जाऊन त्यानं ती पाहिलीही. म्हातारी परत फिरते तो तुकडा त्यानं मागं नेऊन दोनदा पाहिला, पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

वर्षभरात ती कंपूत आली, अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आली. ती सगळं बघायची. उष्टं, ओवळं, हिंदीत डब केलेलं, शाळकरी पोरांच्या फुटबॉलचं, जे हाती येईल ते. आवडलं तर म्हणायची मस्त, नाही आवडलं तर म्हणायची बोअर. आल्हाद तिला चिडवायचा, "तुला काहीही चालतं." ती म्हणायची, "आणि तुला काहीच चालत नाही. जेवतोस तरी का रे पोटभर?" त्याला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण तिनं आपल्याकडे मान वर करून बघावं आणि मग आपण विचारावं, असा त्याचा बेत. त्यासाठी यंदा मान मिळालाच पाहिजे. एकही हात वर होता कामा नये. आणि मेळावा संपल्यावर खाली, गर्दी पांगली की, विचारून टाकायचं.

अडचण एवढीच, की आजकाल कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतंच. आल्हादनं एक मालिका काढली तर ऑफिसातला शिपाई म्हणाला, माझी मुलगी हेच बघते. दुसरी काढली तर ती इगतपुरीच्या एका रेल्वेवाल्याच्या फोनवर चालू दिसली. तिकडे रोहित जाहीरपणे सांगत फिरायचा, "माझी यंदाची मालिका अशी आहे, की तिच्या दिग्दर्शकानंसुद्धा ती अर्धीच पाहिलीय." आल्हादच्या तोंडचं पाणी पळालं. तो चित्रविचित्र जपानी साइटी धुंडाळू लागला, भुतासारखा. आणि एके दिवशी, कुणीतरी कधीकाळी चढवून विसरून गेलेली एक जुनी मालिका त्याला सापडली. पाहणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुठल्याही यादीत नाही, कुठल्याही चर्चेत नाही. खाली इंग्रजी अक्षरं नाहीत. कुमारिकाच म्हणायची.

छोटे छोटे भाग. एक म्हातारी. एक स्वयंपाकघर. कधी घर हलतं, भांडी पडतात. कधी म्हातारी खिडकी उघडते. आणि एक भाग तर असा, की म्हातारी घराबाहेर भिंतीवरच्या एका पेटीतलं बटण दाबते, एक लाल दिवा लुकलुकू लागतो, आणि ती नुसती त्या दिव्याकडे बघत उभी राहते. राहते आणि राहते. बाकी काही नाही. आल्हादच्या अंगावर सरसरून काटा आला. डोंगर झिजण्याच्या वरताण!

भाषेचं काय, तर त्यानं कधीकाळी दीपमाला मॅडमकडे जपानीचा वर्ग लावला होता. पहिल्या परीक्षेआधीच सोडला, कारण मॅडम 'मी विद्यार्थी आहे, हे पेन आहे' असलं सामान्य काहीतरी शिकवत होत्या. तेवढ्या भांडवलावर भागेना, म्हणून त्यानं भाषांतर करणारं अ‍ॅप फोनवर लावून पाहिलं. अ‍ॅप म्हणालं, 'वास येतो का?' मग म्हणालं, 'खिडकी उघडा.' मग म्हणालं, 'बटण घट्ट दाबा. वाट पाहा.' दुसरा कुणी असता तर थबकला असता. आल्हाद कीव आल्यासारखा हसला. यंत्राला कविता काय कळणार! वास म्हणजे गतायुष्याचा गंध, खिडकी म्हणजे आत्म्याची, आणि वाट पाहणं म्हणजे तर सगळंच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो हा असा.

मेळाव्याचा दिवस उजाडला. कुंभाच्या नावाखाली अर्धं शहर खणून ठेवलेलं, त्यामुळं लोक धुळीनं माखून, शिव्या घालत पोचले, पण पोचले. आल्हादनं नवा खादीचा कुर्ता घातला होता. आई, कुसुमताई, दारात म्हणाल्या, "दोन घास खाऊन जा रे." तो म्हणाला, "हं," आणि न खाता गेला.

आधी रोहित उभा राहिला. छाती काढून मालिकेचं नाव सांगितलं. सभागृहाला विचारलं. तिसऱ्या रांगेतून एका कॉलेजच्या पोराचा हात वर. "हो काका, पाहिली. दिग्दर्शकानं पूर्ण केलीय, उगाच नाव खराब करू नका." हशा पिकला. रोहित दात-ओठ खात खाली बसला. आता आल्हाद. त्यानं मालिकेचं नाव सांगितलं. ते त्यानं स्वतःच ठेवलं होतं, 'लाल दिव्याची प्रतीक्षा', कारण मूळ नाव त्याला वाचता आलं नव्हतं. "कुणी पाहिलीय?"

एकही हात नाही. आल्हादनं उज्वलाकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते आणि ती खोडकर हसत होती. याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"उपशीर्षकं नाहीत," तो म्हणाला, "आणि मी ती मुद्दाम केलेली नाहीत. वाचता वाचता माणूस बघायचं विसरतो. मी शेजारी उभा राहून थेट सांगत जाईन." टाळ्या. दिवे मालवले.

सुरुवातीला त्यानं ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. गंध, आत्मा, खिडकी. संपदा अंधारात मान डोलवत होती. कुणीतरी मोबाइल बघत होतं, कुणी कानात खाजवत होतं. मग तो बटणाचा भाग आला. लाल दिवा लुकलुकू लागला, म्हातारी बघत उभी राहिली, आणि आल्हादच्या लक्षात आलं, की आपल्याजवळचं सगळं बोलून झालंय. प्रतीक्षा, प्रतीक्षा असं दोनदा म्हणून झालं. म्हातारी काही हलेना. सभागृहात खोकल्याची साथ सुरू झाली. त्याला घाम फुटला. काहीतरी बोलणं भाग होतं.

"तिचा मुलगा," तो म्हणाला, आणि पुढं काय हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. "मुलगा कामावरून उशिरा येतो. ती रोज त्याचं ताट झाकून ठेवते. तो आला की ती विचारते, जेवतोस ना? तो म्हणतो, हं. बाहेर खाल्लं का? हं. ती दुसरं काही विचारत नाही, कारण तिला वाटतं आपल्याला काय कळतंय, मुलगा फार मोठमोठ्या गोष्टी बघतो. एकदा ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली होती. त्याच्या पडद्यावर कसलंसं चित्र हलत होतं. तिला विचारायचं होतं, हे काय आहे रे, मलाही सांग. त्यानं मान वळवून बघितलं, तर ती म्हणाली, काही नाही, पाणी हवंय का? आणि गेली. आता ती या दिव्याकडे बघतेय. तिला वाटतंय, दिवा थांबला की तो येईल आणि निदान आज तरी म्हणेल, ये आई, बस."

दिवा लुकलुकायचा थांबला. म्हातारी हसली आणि आत गेली. भाग संपला.

सभागृहात कुणी खोकलं नाही. आल्हादला स्वतःचा आवाज ओळखू येईना. हे आपण कुठून काढलं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण तो विचार त्यानं झटकला. दिवे लागले आणि मग अशा टाळ्या वाजल्या, की खालच्या मजल्यावरचा वाचनालयाचा माणूस वर बघायला आला. संपदा धावत शाल आणायला गेली. आणि उज्वला गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे आली. डोळे लाल, नाक लाल.

"आल्हाद," ती म्हणाली, "मी आत्ता खाली जाऊन पहिल्यांदा निफाडला आईला फोन लावणार आहे. तू असं काही दाखवशील असं वाटलंच नव्हतं मला. खरंच." तिनं त्याचा हात धरला. मान वर करून बघत होती, अगदी त्यानं वर्षभर मनात रंगवलं होतं तसं. मग म्हणाली, "थांब, तुझ्यासाठी एक गंमत आणलीय. तुझ्या मॅडमना बोलावलंय मी. माझ्याकडे दाताला आल्या होत्या. म्हटलं, तुमचा विद्यार्थी बघा काय करतोय. जरा उशिरा आल्या, मागं बसल्या होत्या."

तिच्या मागून दीपमाला मॅडम पुढं आल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळं बरीच वर्षं जपानात राहिलेल्या, गोड, मोकळ्या स्वभावाच्या बाई. त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, हेच तर वाईट.

"अरे आल्हाद, हे तुला कुठं मिळालं?" त्या हसत म्हणाल्या. "किती वर्षांनी पाहिलं! आमच्याकडे गॅस कंपनीचा माणूस यायचा, तो असल्या फिती दाखवायचा. भूकंप झाला की गॅसचा मीटर आपोआप बंद पडतो ना, मग ते बटण दाबायचं आणि लाल दिवा थांबेपर्यंत गॅस पेटवायचा नाही. म्हणून ती आजी उभी असते. वास आला तर खिडकी उघडा, असं सांगतात त्यात."

मॅडमचा आवाज वर्गात शिकवून शिकवून खणखणीत झालेला. सगळ्यांनी ऐकलं. मग रोहित असा काही हसला, की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "गॅस!" तो ओरडला. "मानाची मालिका म्हणे! गॅसची सूचना! अरे, सिलिंडरवाल्याला बोलवा रे कुणीतरी, त्याला शाल द्या!" चार लोक हसले, मग दहा हसले. संपदा शाल हातात घेऊन तशीच उभी राहिली.

हसली नाही ती एकटी उज्वला. ती आल्हादकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमलत चाललं होतं.

"थांब थांब," ती म्हणाली. "मग ते ताट? तो मुलगा? ती दारात येऊन उभी राहते, ते?"

आल्हाद कुर्त्याचं बटण चाचपू लागला.

"त्यात नव्हतंच ते? म्हणजे तू रचलंस? आत्ता, उभ्या उभ्या?" तिचे डोळे मोठे झाले. "आल्हाद, ते तुझं होतं?"

बस्स, एक 'हो' म्हणायचं होतं. अरे कर्मदरिद्री माणसा, म्हण ना हो! एवढी मोठी गोष्ट समोर चालून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दुसऱ्याचं न वाचता, कुणाचं न उचलता स्वतःचं काहीतरी सांगितलं होतं, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती त्यावरच भाळून उभी होती. पण 'हो' म्हणायचं म्हणजे हेही कबूल करायचं, की मला जपानी येत नाही, मी गॅसची सूचना काव्य समजून बसलो, मी मूर्ख ठरलो. समोर रोहित डोळे पुसत हसत होता. आल्हादनं रोहितकडे पाहिलं. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

त्यानं कुर्त्याची बाही सारखी केली आणि तोच जुना, जड आवाज काढला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की ही गॅसची सूचना आहे," तो म्हणाला. "मला फक्त बघायचं होतं, की तुमच्यापैकी किती जण रडतात."

मग संपदाच्या तोंडून निघालं, "प्रयोग!" आणि ठिणगी पडल्यासारखा तो शब्द सभागृहभर पसरला. प्रयोग होता! आपल्यावर प्रयोग केला! काय डोकं आहे! ज्यांनी डोळे पुसले होते तेही आता आपण आधीच ओळखलं होतं असं एकमेकांना सांगू लागले. रोहितचं हसणं वाळून गेलं. दीपमाला मॅडम भाबडेपणानं म्हणाल्या, "असं होय! मला वाटलं..." आणि काय वाटलं ते न सांगता मागं सरकल्या.

उज्वलानं त्याचा हात सोडला. तिच्या चेहऱ्यावरचं ते उमललेलं सगळं मिटत गेलं आणि कान लाल झाले.

"म्हणजे मी रडले," ती हळू आवाजात म्हणाली, "ते तू मोजत होतास."

"तुझं नाही गं, सर्वसाधारणपणे..."

"छान." तिनं पर्स उचलली. "माझ्या खुर्चीवर बसलेला माणूस तोंड उघडून रडतो रोज. मी कधी त्याला हसले नाही." आणि ती जिना उतरून गेली.

आता मात्र आल्हाद हबकला. लोक पाठीवर थापा मारत होते, त्यातून निसटून तो धडाधडा खाली आला. ती गाडीपाशी उभी राहून तोंडाला धुळीचा स्कार्फ बांधत होती.

"उज्वला, ऐक. ते माझंच होतं. खरंच मी रचलं. मला काही येत नव्हतं, मी अडकलो होतो, आणि ते आपोआप आलं. ती माझी आई आहे. आमच्या घरातलं आहे ते सगळं." बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. इतकं खरं तो याआधी कधी बोलला नव्हता.

ती थांबली. स्कार्फची गाठ अर्धी राहिली. "वर सांगितलंस ते खोटं?"

"हो."

"आणि हे खरं?"

"आईशप्पथ."

मग तिनं गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "मग चल वर," ती म्हणाली. "हेच सगळ्यांसमोर सांग. हसतील, हसू देत. मी उभी राहते ना तुझ्याशेजारी."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून संपदानं अर्धं अंग बाहेर काढलं. "आल्हाद! अरे चल ना, सत्कार थांबलाय! फोटोवाला आलाय! सगळे म्हणतायत, गेल्या वर्षीचा मानकरी म्हणून रोहितच्याच हस्ते तुला शाल घालायची. चल लवकर!" तिच्या मागं दहा-बारा चेहरे खिडकीत दाटले होते, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांत रोहितचा पडलेला चेहराही होता. रोहितच्या हातून शाल! आल्हादनं खिडकीकडे पाहिलं. मग उज्वलाकडे पाहिलं.

"आज नको," तो म्हणाला. "आत्ता नको गं. मी सांगीन त्यांना नंतर, एकेकाला, नीट समजावून. आज जरा... तू समजून घे ना."

उज्वलानं पर्समधून किल्ली पुन्हा काढली, स्कार्फची गाठ घट्ट मारली आणि गाडी सुरू केली. खणलेल्या रस्त्याच्या कडेकडेनं, खड्डे चुकवत, ती द्वारकेच्या दिशेनं निघून गेली.

आल्हाद जिना चढून वर गेला. त्याला बघताच पुन्हा टाळ्या वाजल्या, आणि शाल घालून घ्यायला त्यानं रोहितसमोर मान खाली केली.